निर्यातवाला दारात आलाय, मेंढरं द्यावीत का?

जतचा_पोरगा
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव जत तालुक्यात, माडग्याळपासून फार लांब नाही. घरी कोकरं सोडून ११० मेंढरं, सगळी माडग्याळ जातीची. मी इस्लामपुरात नोकरीला, मेंढरं वडील आणि धाकटा भाऊ बघतात. गेल्या आठवड्यात नाशिककडचा एक व्यापारी येऊन गेला. त्याला ६० नर पाहिजेत, चार ते सहा महिन्यांचे, २२ ते २८ किलोचे, कान फाटलेला नको, लंगडं नको. म्हणाला विमानानं शारजाला जाणार. बाजारापेक्षा किलोमागं ४० रुपये जास्त देतो. हिशेब केला तर साठेक हजाराचा फरक पडतोय, आणि मोटारीचं कर्ज अजून फिटलेलं नाही, वडिलांचं म्हणणं देऊन टाकू.

माझं मन का धजत नाही ते सांगतो. गेल्या वर्षी असंच एका व्यापाऱ्याला ४५ नर दिले होते. पिकअपला मधे फळ्या टाकून दोन मजले केले आणि वर-खाली कोंबली. मे महिना, दुपारी तीनची वेळ. मी म्हणालो पाणी दाखवू का, तर म्हणाला पाणी पाजलं की घाण करतात. दुसऱ्या दिवशी फोन आला, तीन मेली. पैसे आले तेव्हा तीन नरांचे कापून. त्यातला एक काळ्या डोळ्याचा होता, आई मेल्यावर माझ्या आईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. आईनं काही बोलून दाखवलं नाही, पण दोन दिवस तिनं कोकरांच्या वाड्याकडं जायचं टाळलं.

तर प्रश्न असा, परदेशात जिवंत जनावर पाठवतात तेव्हा वाटेत नेमकं काय होतं? विमानात बरं असतं का? की तिथंपण हेच? कापणार तर आहेतच, मला माहिती आहे, आम्ही काय देव्हाऱ्यात ठेवायला पाळत नाही. पण कापायच्या आधी असं मरावं का?

मायणीकर
साठ हजार म्हणजे साठ हजार भाऊ. द्या आणि मोकळे व्हा. विमानात तीन तास, एवढ्यात आपण साताऱ्याहून पुण्याला पोचत नाही.

बाराचाकी
मायणीकर, विमान तीन तासांचं हो, पण जतहून नाशिकचं ओझर विमानतळ चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, ते कोण मोजणार?

मी अकरा वर्षं गाडी मारतोय, आता मालवाहू, पण आधी चार वर्षं जनावरांची मारली, शेळ्यामेंढ्या मुंबईच्या देवनार कत्तलखान्याला. खरं ते सांगतो. दोन मजली गाडीत खालच्यांच्या अंगावर वरच्यांची लेंडी-मूत पडत राहते, रात्रभर. एखादं बसलं की बाकीची त्याच्यावर उभी राहतात, ते मग उठतच नाही. आणि लोक विचारतात मधे थांबून पाणी का पाजत नाही, तर थांबलं की वारा थांबतो. गाडी पळतीय तोवर तरी हवा लागते, टोलनाक्यावर अर्धा तास अडकलो की आतून धापांचा आवाज येतो. एकदा खंडाळ्याच्या घाटात दोन तास जाम होता, एप्रिल महिना, मी आणि क्लीनर बाटल्यांनी पाणी मारत होतो वरून. तेव्हा सात गेली. मालकानं मला विचारलं जाम होता त्याचा फोटो आहे का. मेल्या मेंढरांचं नाही, जामचं. ते काम मी त्याच वर्षी सोडलं.

पशुवैद्य_विटा
चांगला विषय काढलात. जरा सविस्तर लिहितो, कारण यात बऱ्याच गोष्टींची सरमिसळ होते.

आधी आपल्याकडचा कायदा. जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा, त्याखाली वाहतुकीचे नियम १९७८ चे. त्यात साडेचार-पाच टनी ट्रकमध्ये ४० पेक्षा जास्त शेळ्यामेंढ्या नकोत, पशुवैद्यकाचा दाखला पाहिजे, हे सगळं लिहिलेलं आहे. २०१५ मध्ये मोटार वाहन नियमांत १२५-ई आला, त्यानुसार एका मेंढीला किंवा शेळीला ०.३ चौरस मीटर जागा, म्हणजे साधारण सव्वातीन चौरस फूट. आता ८ बाय ५ चा पिकअपचा हौदा धरा, ४० चौरस फूट. किती बसतात? १२. धागाकर्त्यांनी ४५ भरलेली पाहिलीत. १४ बाय ६ च्या हौद्यात नियमाने २६.

आणि नियम मोडला तर दंड किती? १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. आजही. चहा-भजीसुद्धा त्यात येत नाहीत.

आता प्रवासात शरीरात काय होतं. रात्रभराच्या प्रवासात ३० किलोचं बकरू दीड-दोन किलोनं हलकं होतं, त्यातलं बरंचसं पोटातलं आणि पाणी, पण लांबलं की मांसातनंही जातं. घाबरलेलं, दमलेलं जनावर स्नायूतली साखर वापरून टाकतं, मग कापल्यावर मटण काळपट, चिवट आणि लवकर खराब होणारं निघतं. म्हणजे ज्याला जनावराची कणव नाही त्याचाही तोटाच.

बोटीचं वेगळं आहे, त्यावर नंतर लिहितो, ओपीडी सुरू झाली.

निर्मळ_मन
माफ करा, पण इथे सगळे कसं न्यायचं यावर बोलताहेत. मुळात न्यायचंच का? काळ्या डोळ्याच्या कोकराला बाटलीने दूध पाजलं, त्यालाच किलोवर विकलं. ज्या हाताने वाढवलं त्याच हाताने गाडीत चढवायचं हे मला पटत नाही. आमच्या घरी चार पिढ्या माळकरी आहेत. मला कुणाला दुखवायचं नाही, पण मनातलं सांगितलं.

वाघरवाली
निर्मळ ताई/दादा, दुखावले नाही, पण थोडं ऐका.

मी माण तालुक्यातली, धनगराची पोर. आता झेडपी शाळेत शिकवते. आम्ही मेंढीला बकरीच म्हणतो आणि शेळीला शेळी, म्हणून इथं कोण बकरी म्हणलं की गोंधळ होतो :) आमच्या माणात पाऊस किती पडतो तुम्हाला माहितीच असेल. तिथं ज्वारी-बाजरी आली तर आली. बकरी ही एकच गोष्ट अशी आहे जी काट्याकुट्यातनं खाऊन पोट भरते आणि घरात चार पैसे आणते. लहानपणी दिवाळी झाली की वाडा, म्हणजे बकऱ्यांचा तांडा, घेऊन कोकणाकडं उतरायचो, घोड्यावर बिऱ्हाड, त्यावरच कोंबडी आणि बारकी कोकरं बांधलेली. लोकांच्या शेतात बकरी बसवायची, मालक धान्य द्यायचा. रात्री वाघर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण. लांडगा आला तर आजी सगळ्यात आधी उठायची.

आजीचं एक सांगते. कोकणात उतरताना एका दिवसात किती चालायचं हे ती ठरवायची आणि ते सगळ्यात बारक्या कोकराकडं बघून ठरवायची. ते दमलं की मुक्काम. आजोबा कुरकुरायचे, पुढं चारा चांगला आहे म्हणायचे. ती म्हणायची, पोचल्यावर चारा खायला कोकरू पाहिजे ना.

तर विकणं आम्हाला चुकलेलं नाही. नर विकले नाहीत तर घर चालणार नाही. पण विकायचं म्हणजे त्याच्या जिवाची जबाबदारी सोडायची असं आमच्या आजीनं तरी शिकवलं नाही.

निर्मळ_मन
आजींना नमस्कार. तुमच्या बाजूने कधी विचार केला नव्हता. माझं मत बदललं असं नाही, पण विचार करतो आहे.

मायणीकर
धागा जरा गंभीर झालाय म्हणून सांगतो, आटपाडीच्या बाजारात २०२० साली सर्जा नावाच्या माडग्याळ मेंढ्याला ७० लाखाची बोली आली आणि मालकानं दिला नाही, आठवतंय का? जतच्या भाऊ, तसला एखादा निघतो का बघा तुमच्या साठात, मग शारजाचा शेखच तुमच्याकडं येईल मुक्कामाला!

जतचा_पोरगा
मायणीकर, सर्जाची बातमी आली तेव्हा वडील आठवडाभर प्रत्येक कोकराचं नाक मोजत होते, बाकदार आहे का बघायला. आईनं शेवटी टेप लपवून ठेवला.

कराडकर_दुबई
मी तेरा वर्षं इकडं आहे, इकडची बाजू सांगतो.

इथल्या जनावर बाजारात सोमाली, भारतीय, नजदी असे वेगवेगळे वाडे असतात. नजदी ही सौदीकडची जात, सगळ्यात महाग. ईदच्या आधी गर्दी बघायला जातो मी दर वर्षी, गावाकडच्या यात्रेची आठवण येते. कुर्बानीसाठी लोकांना जिवंत जनावर स्वतः निवडायचं असतं, हे समजून घ्या, ती श्रद्धेची गोष्ट आहे. पण वर्षभर घरात जे मटण लागतं ते बहुतेक लोक सुपरमार्केटातनंच घेतात आणि तिथं भारतातनं विमानानं आलेलं थंड मटण रोज असतं, पाटीवर भारत लिहिलेलं. म्हणजे जे जनावर गावाकडं जवळच्या कत्तलखान्यात नीट कापून पाठवता येतं ते जिवंत का पाठवायचं? जिवंत जनावराची मागणी ईदच्या पाच-सहा दिवसांपुरती समजू शकतो, पण बारा महिने?

मिरजवाला
अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार सगळ्यांना. माझा तीन पिढ्यांचा मटणाचा धंदा आहे.

कराडकर भाऊ बरोबर बोलले. आमच्यात जनावर कापायचे नियम आहेत आणि ते मटणापुरते नाहीत. जनावर तहानलेलं नसावं. त्याच्यासमोर सुरीला धार लावायची नाही. एकासमोर दुसरं कापायचं नाही. माझे वालिद दुकानाच्या मागच्या हौदात पाणी भरल्याशिवाय सकाळी काम सुरू करू द्यायचे नाहीत. तर जो माणूस हलालचा माल म्हणून जनावर दोन मजले करून उपाशी-तहानलेलं नेतो त्याला मी विचारतो, बाबा तू शेवटचं मिनिट सांभाळलंस, आधीच्या वीस तासांचं काय?

आणि धंद्याचं सांगू? कुपवाड, तासगाव, कवठ्याहून सकाळी गारव्यात आलेलं बकरू आणि लांबून आलेलं, मटण हातात घेतल्या घेतल्या कळतं. डॉक्टरांनी काळपट म्हणलं ना, तेच. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन बोलतं.

तासगावची_लेक
मिरजवाला चाचा, तुमचं दुकान कुठं आहे हो? आमच्याकडं पाहुणे आले की मटण आणायला बाबा थेट मिरजेलाच जातात, कदाचित तुमच्याकडंच. (विषयांतराबद्दल सॉरी)

मिरजवाला
बेटा, इथं पत्ता टाकत नाही, पण बाबांना सलाम सांगा.

खलाशी_सातारा
विमानावर खूप बोलणं झालं, बोटीवर मी बोलतो. मी मर्चंट नेव्हीत, इंजिन साईडला. जनावरांच्या बोटीवर काम केलेलं नाही, पण अमिरातीतल्या फुजैरा बंदराच्या बाहेर नांगर टाकून उभे असताना आमच्या वाऱ्याच्या बाजूला अशी एक बोट येऊन उभी राहिली. दिसायच्या आधी वास आला. आमच्या कुकनं जेवणाची दारं बंद केली. रात्री इंजिन बंद असताना तिकडून आवाज यायचा, हजारो मेंढ्यांचा. चार दिवस. पाचव्या दिवशी आवाज कमी झाला असं मला वाटलं, खरं का माझ्या मनाचं ते सांगता येत नाही.

त्यानंतर मी याबद्दल वाचत गेलो. या बोटी बऱ्याचशा जुन्या, दुसऱ्या कामाच्या बोटी बदलून केलेल्या. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये रोमानियाच्या मिडिया बंदरातून क्वीन हिंद नावाची बोट १४,६०० मेंढ्या घेऊन सौदीला निघाली आणि बंदराबाहेरच कलंडली. १९८० सालची बोट. माणसं वाचली, मेंढ्या अडीचशेच्या आसपास बाहेर काढल्या, त्यातल्याही काही नंतर गेल्या. मग बोट तपासली तर कागदावर नसलेले जादा मजले सापडले. बाराचाकी दादा, तुमच्या फळ्यांसारखेच, फक्त लोखंडाचे.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये गल्फ लाइव्हस्टॉक १, न्यूझीलंडहून चीनला ५,८०० च्या वर गाई घेऊन चाललेली, जपानजवळ वादळात बुडाली. ४३ माणसं होती, दोन वाचली. बहुतेक फिलिपिनो पोरं, माझ्यासारखीच घरी पैसे पाठवणारी. ती मूळची कंटेनरची बोट होती. न्यूझीलंडनं त्यानंतर समुद्रातनं जनावरं पाठवणंच बंद करायचं ठरवलं आणि २०२३ च्या एप्रिलअखेर बंद केलं.

२०२२ च्या जूनमध्ये सुदानच्या सुआकिन बंदरात १५ हजारांच्या वर मेंढ्या घेतलेली बोट धक्क्यालाच बुडाली. धक्क्याला! जादा भरली होती.

पशुवैद्य_विटा
धन्यवाद खलाशी साहेब, माझं अर्धं काम तुम्ही केलंत. बुडालेल्या बोटींची बातमी होते. पण न बुडता पोचलेल्या बोटीवर काय होतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. आखाताकडे जाताना हवा गरम आणि दमट. मेंढी घामानं फारसं गार होत नाही, ती धापा टाकून श्वासावाटे गार होते, आणि हवेतच दमटपणा भरलेला असेल तर धापा टाकून काही उपयोग होत नाही. त्यात अंगावर लोकर. दुसरं, खाली लेंडी-मूत साठून अमोनिया होतो, डोळे आणि फुप्फुसं चुरचुरतात. तिसरी गोष्ट मेंढपाळांना लगेच कळेल: माळावर चरलेली मेंढी बोटीवरच्या गोळी पेंडीला तोंडच लावत नाही. समोर खाणं असून उपाशी राहते, मग प्रतिकारशक्ती गेली की साल्मोनेलाचा संसर्ग. बोटीवर मरणाऱ्या मेंढ्यांत हे मोठं कारण आहे.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाहून आखातात गेलेल्या अवासी एक्स्प्रेसवर २,४०० मेंढ्या उष्म्यानं मेल्या. बोटीवर शिकाऊ म्हणून असलेल्या एका पाकिस्तानी पोरानं मोबाईलवर चित्रण केलं होतं, ते २०१८ च्या एप्रिलमध्ये टीव्हीवर आलं आणि देश हादरला. तोवर तिथं नियम असा होता की शेकडा २ पर्यंत मेंढ्या मेल्या तर चौकशीसुद्धा लागत नाही. नंतर ते शेकडा १ वर आणलं, कडक उन्हाळ्यातल्या फेऱ्या थांबवल्या, आणि २०२४ मध्ये कायदा झाला की १ मे २०२८ पासून जिवंत मेंढ्यांची समुद्री निर्यात बंद. ब्रिटननेही २०२४ मध्ये कापण्यासाठी जिवंत जनावर बाहेर पाठवायला बंदी घातली.

शेकडा २ म्हणजे ५० हजाराच्या बोटीत एक हजार. हजार मेल्या तरी फेरी ठीक झाली असं धरायचं.

वाघरवाली
डॉक्टर, ते गोळी पेंडीचं अगदी खरं. आमची बकरी नवीन गावात हौदातलं पाणी पीत नाही, ओढा शोधते. दुष्काळात चारा छावणीत पहिले दोन दिवस उसाच्या वाढ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

माणदेशी_अण्णा
सगळं वाचलं. आता मी उलटं बोलतो, राग मानू नका.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडनं बंद केलं, ठीक. त्यांच्याकडं बर्फातली मटणाची फॅक्टरी आहे, बोटी आहेत, सरकारची मदत आहे. आमच्या म्हसवडच्या मेंढक्याकडं काय आहे? २०१८ ला नागपूरहून शारजाला विमानानं शेळ्यामेंढ्या जाणार होत्या, सगळी तयारी झाली आणि विरोधामुळं ऐनवेळी रद्द. विरोध करणाऱ्यात मेंढरं पाळणारा एक तरी होता का? २०२३ च्या जूनमध्ये जिवंत जनावरांच्या आयात-निर्यातीच्या कायद्याचा मसुदा आला, १८९८ च्या जुन्या कायद्याच्या जागी, त्यात कुत्री-मांजरंपण पशुधनात धरली म्हणून गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात मागं घेतला. म्हणजे कुत्र्यामांजरासाठी देश बोलला. मेंढक्याला दर मिळायची एखादी वाट निघते आणि बंद होते. आमच्या पोरांनी मेंढरं विकून मुंबईत हमाली करायची का?

देवनारला जाताना मरतात ती मेंढरं नाहीत का? त्यावर कोण मोर्चा काढत नाही. शारजा म्हणलं की सगळ्यांना दया येते.

बाराचाकी
अण्णा, तुमची शेवटची ओळ मला लागली. देवनारच्या वाटेवर मी स्वतः सात मारलीत. विमान, बोट, ट्रक, कुठंही कोंबलं तर मरणारच.

खलाशी_सातारा
अण्णा बरोबर आहेत, पण एक फरक मला दिसतो. ट्रक बिघडला तर जतमध्ये, शिरवळमध्ये, कुठंही उतरवता येतात, कोणतरी पाणी देतं. समुद्रात तसं नाही. २००३ मध्ये कॉर्मो एक्स्प्रेस नावाची बोट ५७ हजार मेंढ्या घेऊन सौदीला गेली, त्यांनी रोग आहे म्हणून उतरवून घ्यायला नकार दिला. दुसरे देशही घेईनात. जवळजवळ तीन महिने फिरत राहिली, पाच हजारांच्या वर मेल्या, शेवटी इरिट्रियात उतरवल्या. २०२० च्या डिसेंबरमध्ये स्पेनहून निघालेल्या दोन बोटींवरच्या वासरांचं असंच झालं, नीलजिव्हा रोगाचा संशय, कुणी घेईना, शेवटी परत नेऊन स्पेनमध्येच मारली. सीमेपलीकडं गेलेल्या जनावराचा मालक कोण, हाच प्रश्न होऊन बसतो.

पशुवैद्य_विटा
मालक कोण. हाच मुद्दा धागाकर्त्याच्या पहिल्या पोस्टमध्ये आहे, आणि आपण सगळे त्याच्या बाजूने निघून गेलो.

बघा, त्यांचे तीन नर वाटेत मेले तर पैसे कुणाचे कापले? पाळणाऱ्याचे. गाडीत किती भरायची हे ठरवलं कुणी? व्यापाऱ्यानं. तीन मेले तरी १२ च्या जागी ४५ नेल्यानं भाड्यात त्याचे पैसे वाचलेच. भरणारा एक आणि मेल्याचं सोसणारा दुसरा, असं आहे तोवर फळ्या टाकणं थांबणार नाही. ऑस्ट्रेलियात शेकडा २ हिशेबात धरलं होतं, इथं शेकडा ७ मेंढपाळाच्या माथी मारलं.

तर जतचे भाऊ, व्यापाऱ्याला हे विचारा. एक, सौदा दारातच संपेल का? तुमच्या दारात वजन, तुमच्या दारात पूर्ण पैसे, पुढे मेलं तर त्याचं. दोन, गाडीत किती भरणार, मजले करणार का. तीन, नाशिकला पोचल्यावर विमानाआधी कुठे आणि किती दिवस ठेवणार, तिथे सावली-पाणी कुणाच्या अंगावर. चार, विमान रद्द झालं तर? पाच, पीपीआर आणि आंत्रविषार या मेंढ्यांच्या रोगांची लस झाली आहे का आणि दाखला कोण देणार. जो खरा निर्यातदार आहे त्याला ही उत्तरं तोंडपाठ असतात, कारण समोरच्या देशाची तपासणी असते. जो फक्त दलाल आहे तो चिडेल.

माणदेशी_अण्णा
हे पटलं डॉक्टर. दारात वजन, दारात पैसा. आमच्या वडिलांच्या वेळी रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, पण एकदा दावं हातात दिलं की जनावर त्याचं. वाटेत मेलं म्हणून परत येणारा हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, बाजारात पुन्हा उभा राहत नव्हता.

तासगावची_लेक
मी कॉमर्सवाली आहे, मेंढरांतलं काही कळत नाही, पण हे वाचून वाटलं की १० ते ५० रुपये दंडावर कोणीतरी बोललं पाहिजे. १९६० ला ५० रुपयांची किंमत होती, आज पार्किंग चुकलं तरी जास्त जातात.

कराडकर_दुबई
जतचे भाऊ, झालं काय शेवटी? आम्ही इकडे वाट बघतोय.

जतचा_पोरगा
उशिरा लिहितोय, सॉरी, गावाकडं होतो.

डॉक्टरांचे पाचही प्रश्न कागदावर लिहून नेले. वडील म्हणाले एवढं विचारायचं असतं का, लोक काय म्हणतील. व्यापारी आला, चहा झाला, मी विचारलं. दारात पूर्ण पैसे म्हणल्यावर तो हसला. म्हणाला तसं कुणीच करत नाही, विमानात चढलेल्या नगाचे पैसे मिळतील. मजले करणार का विचारलं तर म्हणाला भाडं कोण देणार. नाशिकला कुठं ठेवणार त्याचं उत्तर नीट आलंच नाही, विमान रद्द झालं तर याचं तर अजिबातच नाही. मग वडीलच उठले. मला वाटलं माझ्यावर चिडणार, पण ते त्याला म्हणाले, पाव्हणं, गेल्या साली माझ्या तिघांचे पैसे कापले, ते पोराला आठवतंय, मला पण आठवतंय. तो गेला.

मग मिरजवाला चाचांना इथूनच निरोप टाकला. त्यांनी स्वतः एवढे घेतले नाहीत, पण त्यांच्या ओळखीच्या तिघांत मिळून ३६ नर ठरवले. पहाटे चारला भरले, तीन पिकअप, प्रत्येकात १२. एकमजली. खाली उसाचं पाचट टाकलं. सातच्या आत उतरले, एकही बसलेलं नव्हतं. चाचांनी हौद भरून ठेवला होता, फोटो पाठवला. भाडं अर्थातच जास्त पडलं, दर व्यापाऱ्याच्या बोलीपेक्षा किलोमागं ३० रुपयांनी कमी, सगळं धरून त्या ३६ मागं तीसेक हजार सोडले. मोटारीचा हप्ता या महिन्यात राहिला. वडील त्यावर रोज एकदा बोलतात आणि ते बोलतात ते खोटं नाही. बाकी २४ अजून घरीच आहेत, अण्णा म्हणाले तसा दारात पैसे देणारा निर्यातवाला कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा, मला शारजाशी वैर नाही.

माणदेशी_अण्णा
बघतो. आमच्या पाव्हण्यात एक जण आहे, चार दिवसांत फोन करतो. आणि हप्त्याचं बँकेत जाऊन बोला, मुदत वाढवून देतात, गप्प बसू नका.

बाराचाकी
१२ चं गणित आमच्या गाड्यांच्या ग्रुपवर टाकलं. दोघं-तिघं भांडले, एकानं टेप घेऊन हौदा मोजला. त्याचा १३ चा निघाला.

वाघरवाली
जतच्या भावा, आई आता वाड्याकडं जातात का?

जतचा_पोरगा
जातात ताई. त्या २४ शिवाय एक लंगडं आहे, ते व्यापाऱ्यानं पहिल्याच दिवशी बाजूला काढलं होतं. सध्या त्याच्या पायाला आई हळद लावते.